बेडकाचा चाळिसावा

अब्बांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर मधोमध, फुलांच्या गोल चौकटीत, बेडूक होता. अब्बा खाली होते, शोकाकुलांच्या रांगेत, उजवीकडून दुसरे.

फ्लेक्स मी सांगितलेला नव्हता. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गॅरेजच्या आसपास जे टायरवाले, वेल्डर, बॅटरीवाले आहेत, त्यांनी आपसांत ठरवून तो बंटीकडे टाकला. बंटीचं फ्लेक्सचं दुकान कांदा मार्केटच्या मागच्या अंगाला आहे. त्यानं फोटो मागितला तेव्हा कुणीतरी म्हणालं, नवाबभाईंचा डीपी घे. त्यानं घेतला. अब्बांच्या डीपीवर कित्येक वर्षं बेडूकच होता. खालच्या रांगेसाठी सगळ्यांचे चेहरे त्याला गेल्या दसऱ्याच्या एकत्र फोटोतून मिळाले. त्यात अब्बाही होते, त्यामुळे तेही शोकात सामील झाले. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', बेडकाखाली 'कै. नवाबभाई'.

मी बंटीच्या दुकानात गेले. तो अजिबात ओशाळला नाही.

"ताई, मी कुणाला विचारत नाय," तो म्हणाला. "मागं अर्जुनरावांच्या बैलाचा केला, दहा बाय वीस. त्याच्याआधी एका कुत्र्याचा वाढदिवस. विचारलं की लोक म्हणतात, तुला काय करायचंय. मला वाटलं, नवाबभाई म्हणजे ह्यो बेडूकच."

खाली कोण आहेत, असं मी विचारलं. त्यानं मोबाइलवर चेहरा मोठा करून पाहिला. "हे तर गॅरेजवाले चाचा. सगळ्यात जास्त दुःख ह्यांनाच झाल्यासारखं दिसतंय बघा."

अब्बांचे डोळे वेल्डिंगच्या उजेडानं कायमच पाणावलेले असत. तेच नवाबभाई, एवढंच मी त्याला सांगितलं. दुसरा फ्लेक्स फुकट छापून देतो, फक्त फोटो पाठवा, असं तो म्हणाला. पाठवते म्हणाले आणि पाठवला नाही. त्या दिवसांत मला अब्बांचा एकही फोटो उघडून बघवत नव्हता.

बेडकाविषयी सांगायला हवं. गॅरेजच्या शेजारी अर्जुनरावांची मोकळी जागा आहे. गॅरेजची जागाही त्यांचीच, अब्बांकडे ती भाड्यानं होती. त्या मोकळ्या जागेच्या खालच्या कोपऱ्यात पावसाळ्यात डबकं साठतं आणि त्यात हा बेडूक येतो. लहान, गुबगुबीत, मातकट रंगाचा, चेहऱ्यावर कायमची तक्रार. पाऊस ओसरला की तो मागच्या पायांनी माती उकरत, गोल गोल फिरत, उलटा जमिनीत शिरतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत वर येत नाही. अगदी स्क्रू बसवल्यासारखा. अब्बा त्याला 'उलट्या आट्याचा' म्हणायचे. पुण्याहून एक संशोधक बाई येत. त्यांनी त्याचं लॅटिन नाव सांगितलं होतं, तेही अब्बांनी पाठ केलं होतं, पण ते फक्त गिऱ्हाइकांसमोर म्हणून दाखवत. बाईंचं म्हणणं असं की या बेडकाला डबकं लागतं आणि डबक्याभोवती भुसभुशीत माती लागते, आणि चाकणच्या पट्ट्यात ही दोन्ही एका जागी आता फारशी उरलेली नाहीत. पूर्वी जिथं जिथं तो सापडायचा तिथं आज काँक्रीट आहे. दिघीकडे लष्कराच्या कुंपणाआड असला तर असेल. बाकी अब्बांची बेडकाविषयीची मतं स्वतःची होती आणि बरीचशी चुकीची होती. त्याला डिझेलचा वास आवडतो, असं ते ठामपणे सांगत. बाई नाही म्हणाल्या, तेव्हा अब्बांनी त्यांना विचारलं, तुम्ही त्याला विचारलंय का?

अब्बा जून सरता सरता गेले. गॅरेजमध्येच, खुर्चीत, दुपारचा चहा येण्याआधी. त्यांच्या दफनानंतर मी तिथं गेले तेव्हा डबक्यात काळे ठिपके वळवळत होते. त्याच आठवड्यात अर्जुनरावांनी ती जागा एका ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रक उभे करायला दिली. मुरूम टाकून, रोलर फिरवून द्यायची अशी बोली झाली होती आणि मुरमाचा पहिला ढीग येऊन पडलाही होता.

मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्ज करू या, पण अर्जाला उत्तर येईपर्यंत या पिल्लांना नातवंडं होतील. निदान पाय फुटून, शेपटी झडून ती पाण्याबाहेर पडेपर्यंत डबकं टिकलं तर पुष्कळ. पाच-सहा आठवडे लागतील. मला तेवढंच हवं होतं. अब्बांच्या मागे जिवंत अशा आम्ही दोघी उरलो होतो, मी आणि रोशनबी फुफी, आणि हे ठिपके. पण मी चिंचवडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. लोक माझ्याकडे येऊन पुस्तकं मागतात. कुणाकडे जाऊन काही मागायची मला सवय नाही.

फ्लेक्सचे बांबू नेमके त्या मोकळ्या जागेच्या तोंडाशी रोवलेले होते, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी तेवढीच जागा होती. जेसीबी आत न्यायचा तर फ्लेक्स काढणं भाग होतं. जेसीबीवरचा ऑपरेटर सुजित, मूळचा परभणीचा, खाली उतरला, फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि त्यानं चपला काढल्या.

कधी गेले, असं त्यानं मला विचारलं. मी मागच्या आठवड्यात म्हणाले. इथंच असायचे का? इथंच, मी म्हणाले, रोज. तो बेडकाविषयी विचारत होता हे माझ्या ध्यानात आलं तोवर त्यानं इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली होती. दिवस झाल्याशिवाय आपण इथं बकेट लावणार नाही, त्याच्या गावाकडं एकानं लावली होती, ती अजून वर होत नाही, असं त्यानं मालकाला फोनवर सांगितलं.

मग अर्जुनराव स्वतः आले. ते रागावणार अशी माझी खात्री होती. अब्बा गेले हे त्यांना माहीत होतं, कबरीवर मूठभर माती त्यांनीही टाकली होती. त्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्यांची हरकत निघाली ती वेगळीच.

"नवाबला खाली का टाकलाय? गेल्याला माणूस शोकाकुल कसा आसंल?"

मी उत्तर जुळवत होते, तोवर त्यांनी ते स्वतःच शोधलं. आधी नवाब गेला. मग त्याच्यामागं हा गेला. जनावर मालकामागं जातंच. त्यांचा शर्यतीचा बैल तुफान, त्याला सांभाळणारा गडी वारल्यावर वैरण सोडून गेला होता. त्याचा दहावा त्यांनी रीतसर घातला होता. कीर्तन झालं, गाव जेवलं. नवाब वरून बघत असणार आणि त्याला दुःख होत असणार, तेव्हा त्याचा फोटो आहे तिथं बरोबरच आहे, असा त्यांनी निकाल दिला.

"म्या बैलाचा दहावा घातला," ते म्हणाले, "आन् नवाबच्या बेडकाला न्हाई म्हनू? लोक तोंडात शेण घालतील. तुमच्यात दहावा नसतो न्हवं? काय असतंय?"

"चाळिसावा," मी म्हणाले.

खोटं मी बोलले नाही. आमच्यात चाळिसावा असतो. कुणाचा, हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी मुरमाच्या ढिगाकडे एकदा पाहिलं. "लई लांब हाय की," ते म्हणाले. "बरं. बेडूक ल्हान हाय, पर रिवाज तो रिवाज."

घरी येऊन फुफीला सांगितलं. फुफी अब्बांची थोरली बहीण, अम्मी गेल्यापासून घर तिच्याच हातात. बेडकाचा चाळिसावा कुठं असतो, असं ती आधी म्हणाली. मग तिला आठवलं की हजरत इब्राहिमांना आगीत टाकलं तेव्हा बेडकानं तोंडातून पाणी नेऊन ती विझवायचा प्रयत्न केला होता, असं जुनी माणसं सांगतात. तेवढ्यासाठी त्याचं इतकं करायला हरकत नाही, असं तिनं ठरवलं. फक्त दोन वेगळे स्वयंपाक तिच्यानं होणार नव्हते. दोघांचं एकाच दिवशी उरकायचं, एवढीच तिची अट होती.

मी रजा वाढवून घेतली आणि गॅरेजचं शटर अर्धं वर करून दुपारचं तिथं बसू लागले. आतल्या कशालाही मी हात लावला नव्हता. पाने भिंतीवर आकाराप्रमाणे टांगलेले होते, टोपी खिळ्याला होती. ते सगळं तसंच ठेवायचं, असं माझ्या मनात होतं.

अब्बा गेले तेव्हा हीच माणसं भेटायला आली होती, बाकावर बसून स्वतःच्या पायांकडे बघत राहिली होती आणि चहा घेऊन गेली होती. बेडकासाठी आली तेव्हा मात्र त्यांना बोलता आलं. टायरवाल्यानं सांगितलं की त्या डबक्याजवळ कुणी हॉर्न वाजवलेला नवाबभाईंना चालायचा नाही, एका पंजाबी ड्रायव्हरला त्यांनी मुकाट गाडी ढकलत न्यायला लावली होती. वेल्डर म्हणाला, पाऊस लांबला की नवाबभाई टाकीचं पाणी पाइपनं त्या कोपऱ्यात सोडायचे आणि विचारलं की गाडी धुतोय म्हणायचे. हे मला ठाऊक नव्हतं. मी घरी असताना अब्बा कमी बोलत.

बॅटरीवाल्यानं रीतीप्रमाणे चौकशी केली. काय झालं होतं?

"अचानक," मी म्हणाले.

त्रास झाला का?

"नाही. काहीच नाही."

शेवटी काही बोलले?

"चहा सांगितला होता."

त्यानं मान हलवली. बेडकानं चहा सांगितला यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. कुणीतरी हे प्रश्न एकदा विचारायला हवे होते.

अर्जुनरावांच्या पत्नी यशोदाबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी आणतात तशी. अब्बांच्या वेळीही त्यांनी आणली होती, आता बेडकासाठी पुन्हा आणली. डबक्याच्या काठी पदर घेऊन बसल्या. त्याला बायको होती का, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. असावी, मी म्हणाले. त्यांनी पाण्यात वाकून पाहिलं.

"आन् एवढी लेकरं," त्या म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा चुरून पाण्यात टाकला. लेकरांनी खाल्ला.

एकदा संध्याकाळी अर्जुनराव तिथं बसलेले असताना सर येऊन गेली आणि काठच्या चिखलातून बेडूक ओरडायला लागला. त्याचा आवाज त्याच्या आकाराला शोभत नाही. बॅटरी उतरलेल्या टेम्पोचा स्टार्टर मारावा तसा तो येतो, आणि थांबत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. आता संपलं, असं मला वाटलं.

"ह्यो कोन?" अर्जुनराव म्हणाले.

"भाऊ आसंल," यशोदाबाई म्हणाल्या.

"गातोय व्हय? घरात सुतक आसताना?"

"रडतोय," यशोदाबाई म्हणाल्या.

अर्जुनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तो थांबेपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा तगाद्याचा फोन आला, तेव्हा जागेत दुखवटा आहे, घरातली माणसं अजून रडतायत, असं त्यांनी त्याला सुनावलं. ट्रान्सपोर्टवाल्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

पिल्लांना मागचे पाय आले, मग पुढचे. श्रावण लागला. डबकं आक्रसत होतं आणि वर ढग होते, दोन्हींचा हिशेब माझ्या हातात नव्हता. अब्बांसारखा टाकीचा पाइप मी एकदा त्या कोपऱ्यात सोडला. काय करतेयस, असं वेल्डरनं विचारलं. फरशी धुतेय म्हणाले.

चाळिसाव्याला सगळे गॅरेजपुढच्या काँक्रीटवर जेवायला बसले. श्रावण असल्यामुळे अर्ध्या पंगतीला मसालेभात होता आणि अर्ध्या पंगतीला बिर्याणी. सकाळी घरी कुराण वाचून झालं होतं. ते नवाबसाठी, जेवण दोघांचं, अशी फुफीनं वाटणी केली होती. बंटी आला होता, संशोधक बाई आल्या होत्या, सुजित किल्ली खिशात घालून आला होता.

जेवणं होत आली आणि डबक्यातून पिल्लं निघाली. तुरीच्या डाळीएवढी, काहींना शेपटीचं टोक अजून होतं. ती गवतात गेली नाहीत की रस्त्याकडे गेली नाहीत. सरळ मुरमाच्या ढिगाकडे गेली. पावसानं तो भिजून मऊ झाला होता आणि आजूबाजूला तेवढी भुसभुशीत माती दुसरीकडे नव्हती. त्यांना बुजवण्यासाठी आणलेल्या मुरमात ती एकेक करून पाठमोरी, गोल फिरत शिरू लागली. बाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

अर्जुनरावांनी हात धुतले. "झालं न्हवं पोरी? उद्या रोलर."

"उद्या कसा?" यशोदाबाई म्हणाल्या. "सुतक फिटलं. पर आता सोयर हाय न्हवं? घरात बाळंतपण झाल्यावर कुनी घर मोडतं का?"

पंगतीत माना हलल्या. सुजितनंही हलवली. अर्जुनराव बायकोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळले. ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"पोरी, तू शिकल्याली हायस. सोयर धा दिस. मग काय काढशील, बारसं? आमी समदं करू. पर म्या जबान दिलीया. सहा ट्रक हायत. सहा ट्रक कुठं हुभं करू, तेवढं सांग."

प्रश्न रास्त होता. गेले कित्येक दिवस मी फक्त वेळ मागत होते, तोही न मागता. आता वेळ संपला होता, आणि ढिगावर रोलर फिरला तर पाय फुटले काय आणि न फुटले काय, सारखंच होतं. मी आजूबाजूला पाहिलं. ट्रक उभे राहतील अशी एकच जागा होती आणि सगळे तिच्यावर बसून जेवत होते.

"इथं," मी म्हणाले. "गॅरेजच्या जागेत. काँक्रीट आहेच. शेड काढली की सहा बसतात. तो कोपरा आणि हा ढीग मला द्या, याच बोलीवर."

फुफीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ही नवाबची निशानी हाय," अर्जुनराव म्हणाले. "उभी हयात काढली त्यानं हितं. त्याला काय वाटंल?"

"अब्बा गेले, काका."

एवढ्या दिवसांत हे वाक्य मला प्रत्येकानं ऐकवलं होतं. मी ते कुणाला म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर पुढचंही आलं. "बेडूक गेलेला नाही. तो आहे. फोटो चुकला होता."

बंटी ताटात बघत होता. अर्जुनरावांनी पंगतीकडे पाहिलं.

"आसं कसं चालंल?" ते म्हणाले. "जेवान झालंय त्याचं. समद्यांनी हात धुतल्यात. आता तो गेल्यालाच."

"ठीक आहे," मी म्हणाले.

"शेड कवा काढतीस?"

शेड श्रावणातच काढली. पत्रे वेल्डर घेऊन गेला, पाने सगळ्यांनी थोडे थोडे वाटून घेतले. कोणता पाना कुणाकडे जावा यावरून त्यांच्यात भांडण झालं, ते मी मिटवायला गेले नाही. शटर काढलं तेव्हा भिंतीवर पान्यांचे आकार तेवढे राहिले होते, मग भिंतही पाडली. टोपी मी घरी आणली. ट्रक आले आणि काँक्रीटवर उभे राहिले. कोपऱ्याला सुजितनं दगड लावून दिले. मुरमाचा ढीग आहे तिथंच आहे आणि वरून बघणाऱ्याला त्यात काहीच दिसत नाही.

फुफी माझ्याशी बोलत नव्हती. भावाचं दुकान देऊन हिनं डबकं घेतलं, असं ती शेजारच्या रुबीनाला सांगे, मला ऐकू जाईल अशा बेतानं. मी काही म्हणत नसे, कारण ते खरं होतं. मग एका सकाळी तिनं बुरखा घातला, पिशवी घेतली आणि दारात उभी राहिली. मी चपला घातल्या.

डबक्याकाठी ती एका दगडावर बसली. पाणी जवळजवळ आटलं होतं. एक पिल्लू मागे राहिलेलं होतं, ओल्या कडेवर, शेपटी नावापुरती. फुफीनं चष्मा पुसला आणि बाळंतिणीच्या घरी बायका पाळण्यात वाकतात तशी ती वाकली. बराच वेळ न्याहाळलं.

"कुणावर गेलंय?" ती म्हणाली.

मी नीट पाहिलं.

"हनुवटी नाही याला," ती म्हणाली. "आपल्याकडं सगळ्यांना आहे."

पिल्लू मागच्या पायांनी चिखल ढकलायला लागलं. थोडं फिरलं, थोडं खाली गेलं.

"नवाबलाही नव्हती जन्मला तेव्हा," फुफी म्हणाली. "नंतर आली."